गळतीचं तीर्थ

माझ्या आक्काच्या परसाची मागची भिंत म्हणजे एक धरण आहे. हे सांगितलं की माणसं हसतात. धरण म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे लोखंडी दरवाजे, पांढरा फेस आणि वर्तमानपत्रातला फोटो येतो. हे तसलं नाही. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना हिर्डोशीच्या अलीकडे एक कच्चा फाटा ओढ्यात उतरतो. तिथं दोन टेकड्यांच्या बेचक्यात काळ्या दगडांची, चुन्यात बांधलेली जुनी भिंत आहे आणि तिच्यामागे तळं. संस्थानी काळात हे बांधलं ते शेतीसाठी नाही आणि पिण्यासाठीही नाही. कुणा बड्या पाहुण्याला होडीत बसायची हौस होती म्हणे, आणि आपल्याकडे पाहुण्याची हौस ही नेहमीच सार्वजनिक गरज मानली जाते. पाहुणा आला की नाही, कुणाला ठाऊक नाही. होडी कुजली. भिंत राहिली.

भिंतीच्या पायथ्याशी मोजकी घरं आहेत. आक्का वरव्याहून लग्न करून तिथं गेली तेव्हा मी शाळेत होतो. आमचं वरवं सपाटीवरचं, रस्त्याजवळचं. तिला दिलेली वाडी अशी की एसटी चुकली तर माणूस चालत नाही, मुक्काम करतो. तिला मूलबाळ झालं नाही. दाजी गेले तेव्हा तिचे केस पांढरे झालेले होते. पुढे मी भोरच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि महिन्यातून एकदोनदा तिच्याकडे जाऊ लागलो, त्यामुळे हे सगळं मला जवळून बघायला मिळालं.

तिच्या घराला लागून धाकट्या जावेचं घर. मधली भिंत एकच, तिच्यात एक दार. दाजी गेल्यावर जावेनं पहिलं काम केलं ते म्हणजे चैत्रातल्या हळदीकुंकवाला आक्काला बोलावणं बंद केलं. भांडण नाही, शब्द नाही. फक्त बायका जमल्या की कुणीतरी येऊन सांगायचं, "थोरल्या बाई, जरा तुमच्या बाजूचं दार लोटून घ्या, धूर येतोय." धूर कसला यायचा ते आक्कानं कधी विचारलं नाही. दार लोटून घ्यायची.

आता गळतीबद्दल. भिंतीच्या तळाशी, आक्काच्या परसाच्या कोपऱ्यात, दोन दगडांमधून करंगळीएवढी धार यायची. दाजींच्या वडिलांच्या काळापासून यायची. आक्कानं तिला पत्र्याची पन्हळ लावली होती आणि त्यावर तिचा हंडा भरायचा. सगळ्या वाडीला ती गळती माहीत होती आणि सगळी वाडी तिला गळतीच म्हणत होती.

मग पुण्याच्या लोकांना पाणी बघायची तहान लागली. आमच्या भागातल्या एका होतकरू माणसानं तळ्याच्या पलीकडच्या काठावर तंबू ठोकले, त्याला रिसॉर्ट म्हटलं, हंसाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी आणल्या आणि एक पर्यटन विकास समिती काढून तिचा अध्यक्ष झाला. समितीत इतर कोण होते ते इतरांनाही नक्की माहीत नव्हतं. बोटी बारमाही तरंगायला हव्यात म्हणून तळ्याची पाणी सोडायची मोरी कायमची बंद झाली. पूर्वी ती उन्हाळ्याच्या तोंडी उघडायचे, तळं उतरायचं, भिंत सुकायची. आता भिंतीला सुकायची मुभा राहिली नाही, आणि आक्काचा हंडा मे महिन्यातही भरू लागला.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात वाडीची विहीर तळाला गेली. विहीर आटली आणि भिंतीतून धार वाहते, हा चमत्कारच होता. भिंतीपलीकडे अख्खं तळं भरलेलं आहे एवढी एक गोष्ट विसरली की झालं. अध्यक्षांच्या सासूबाईंना अंगभर खाज होती. त्या महिनाभर रोज या धारेखाली अंघोळ करायला आल्या आणि खाज गेली. रोज अंघोळ केली की पुष्कळांची जाते. पण बाईनं गावभर सांगितलं, आणि अध्यक्षांना बोटींखेरीज दाखवायला काहीतरी हवंच होतं.

सातारा रस्त्याच्या कडेच्या मूर्तीवाल्याकडून सिमेंटचं गोमुख आलं. टेम्पोतून उतरवलं तेव्हा कळलं की त्याच्या मागची नळी भिंतीतल्या फटीपेक्षा जाड आहे. मग पहार आणली आणि फट रुंद केली. दोन दगडांमधला चुना खरवडून काढला, एक दगड थोडा हलवला, नळी आत बसवली. धरणाच्या भिंतीत पहार घालून गळती वाढवणारी समिती माझ्या वाचनात नाही, आणि इतिहास हाच माझा विषय होता. धार अंगठ्यापेक्षा जाड झाली. बायकांनी हात जोडले. अध्यक्ष म्हणाले, "बगा, मान दिला की देव कसा सुटतो."

जागा आक्काच्या परसात होती आणि ती फुकट राबणार होती, म्हणून तीर्थ द्यायचं काम तिच्याकडे आलं. बाकी कुणाला तेव्हा त्यात रस नव्हता. तिनं जागा सारवली, दगडी कुंडी घासली, तांब्याची पळी काढली. वर्षभरात हिर्डोशीपासून पार वेल्ह्याकडच्या बायका येऊ लागल्या. शनिवार-रविवारी राजगड उतरून आलेली, पायथ्याच्या पालीत भाकरी खाऊन गाड्या वळवलेली पोरंही वाकडी वाट करून यायची, गोमुखासमोर स्वतःचे फोटो काढायची आणि जाताना आक्काच्या पाया पडायची. जिला हळदीकुंकवाच्या वेळी दार लोटायला सांगायचे, तिच्यापुढे सवाष्णी ओंजळ धरून रांगेत उभ्या. रांगेत एकदा तिची जाऊही होती. आक्कानं तिला सगळ्यांसारखंच दिलं. नंतर मला म्हणाली, "म्या जरा जास्तच वतलं. वंजळ गळत व्हती तिची."

मी तिला सांगायचो, आक्का, ही गळती आहे.

"मंग? म्या कुठं म्हणतीया गंगा हाय म्हून?"

"लोक म्हणतात ना."

"लोकं मला धा वर्षं काय म्हणत व्हती ते तुला कुठं ठावं हाय. आता पाया पडत्यात तर पडू दे. तुझ्या भोरात कोण पडतं रं तुझ्या पाया? शाळंतली पोरं वळख तरी देत्यात का?"

देत नाहीत. मी चहा प्यायलो.

पुढच्या पावसाळ्यानंतर गोमुखाच्या ओठांवर पांढरा थर दिसू लागला. कुंडीच्या तळाशीही पिठासारखं पांढरं बसायचं. अध्यक्षांनी त्याचं नाव विभूती ठेवलं. ती सुकवून कागदाच्या पुड्या बांधल्या जाऊ लागल्या, आणि काही दिवस पाणीच दुधट येऊ लागलं तेव्हा त्या दिवसांना विशेष दिवस ठरवण्यात आलं. विशेष दिवशी गर्दी विशेष. भाविक विभूती कपाळाला लावून घरी जायचे. मलाही पुडी मिळाली होती. मी ती पुस्तकांच्या कपाटात ठेवली, कारण फेकून दिली असती तर आक्कानं विचारलं असतं.

जुन्या धरणांची पाहणी करायला पाटबंधारे खात्याची एक इंजिनिअर बाई आली. तिशीची, पायात बूट, बोलणं तुटक. अध्यक्षांनी तिला हार घालायचा प्रयत्न केला; तिनं तो हातात घेतला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून दिला. भिंतीवरून चालली, खाली उतरली, गोमुखासमोर बराच वेळ उभी राहिली. मी तिथंच आक्काच्या ओट्यावर होतो.

"हे काय आहे?" तिनं कुंडीतलं पांढरं बोटावर घेऊन विचारलं.

"विभूती," अध्यक्ष म्हणाले. "लावा म्याडम, गुण येतो."

तिनं बोटांत चोळलं, वास घेतला. "चुना आहे. भिंतीतला. दगड जोडायला घातलेला. पाणी त्याला विरघळवून बाहेर आणतंय." मग म्हणाली, "आतापर्यंत किती वाटलीत?"

अध्यक्षांना वाटलं ही कौतुकानं विचारतेय. "लई. पार मुंबईपत्तूर गेली."

"म्हणजे तेवढी भिंत मुंबईला गेली," ती म्हणाली.

अध्यक्ष हसले, कारण साहेब विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बांधावरच सभा झाली. बाईनं साध्या शब्दांत सांगितलं: तळं रिकामं करावं लागेल, भिंतीला वरून भोकं पाडून सिमेंटचं पाणी दाबानं आत भरावं लागेल, गोमुख काढून ती जागा बंद करावी लागेल, आणि हे होईपर्यंत खालच्या घरांनी रात्री तिथं झोपू नये. पाऊस लागायच्या आत व्हायला हवं.

अध्यक्ष उभे राहिले. त्यांच्या भाषणात पूर्वज, परंपरा, पर्यटन आणि रोजगार हे शब्द याच क्रमानं यायचे. त्या दिवशीही आले. शेवटी म्हणाले, "भित साहेबाच्या काळातली हाय. साहेबाचं काम म्हंजी दगड. दीडशे वर्षं काय झालं न्हाई, आता काय व्हतंय?"

"माझ्या आज्याला पण शंभर वर्षं काय झालं नव्हतं," मागून एक म्हातारा म्हणाला. "मग एक दिवस झालं."

लोक हसले, पण हसून सगळे अध्यक्षांच्याच बाजूला गेले. वाडीतल्या बायका तर गोमुख काढायचं म्हटल्यावर चवताळल्या. जाऊ सगळ्यात पुढे. "देवाच्या तोंडात शिमेंट घालणार व्हय? आमच्या थोरल्या बाईस्नी इचारा. त्येंच्या हातनं देव बोलतो." एवढ्या वर्षांत तिनं आक्काचं नाव चारचौघांत आदरानं घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

इंजिनिअर बाई आक्काजवळ येऊन बसली. "आजी, पाणी रोज तुम्ही बघता. धार आहे तेवढीच आहे की वाढतेय?"

सगळे आक्काकडे वळले. बाईकडे तिची यंत्रं होती, पण पूर्वी मोजमाप कुणीच केलेलं नव्हतं. धार स्थिर असती तर काम सवडीनं झालं असतं, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे कधीच नाही. आक्कानं एवढंच म्हणायचं होतं: "हाय तेवढीच हाय." मलाही वाटलं ती तेच म्हणणार. त्या एका वाक्यावर तिचं उरलेलं आयुष्य सुखात गेलं असतं. धार होती तोवर ती कुणीतरी होती, धार बंद झाली की ती परत लोटलेल्या दारामागे.

ती जावेकडे बघत होती. जावेच्या कडेवर नातू होता, आणि तिची सगळी नातवंडं त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर ओळीनं झोपायची.

"वाढतीया," आक्का म्हणाली. "गोमुख बसीवल्यापास्नं वाढतीया. आता कुंडीभायेर उडतं. अन् पांढरं कवाकवा यायचं, आता रोजच येतंय." मग म्हणाली, "पोरं झोपत्यात हितं."

जावेचा चेहरा तेव्हाच बदलला. पोरांचं ऐकून नव्हे. देव जिच्या हातून बोलतो ती बाई देवाविरुद्ध बोलली म्हणून.

काम झालं. मोरी उघडली, तळं उतरलं, हंस चिखलात कलंडले. भिंतीवरून भोकं पाडून सिमेंटचं पाणी आत सोडलं. गोमुख आधी काढायचं ठरलं होतं. पण ते काढायला वाडीतला एकही माणूस हात लावेना, आणि बाहेरून आलेल्या मजुरांनाही कुणीतरी शापाची भीती घातली. म्हणून ते तसंच राहिलं. आणि मग जे व्हायचं ते झालं. आत भरलेलं सिमेंट वाट काढत काढत त्या नळीतून आलं आणि सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत गाईच्या तोंडातून करडं, दाट, सावकाश बाहेर पडू लागलं. पडता पडता थिजलं. संध्याकाळपर्यंत गाईनं जीभ बाहेर काढल्यासारखं दिसत होतं. मेलेल्या जनावराची असते तशी जीभ. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. इंजिनिअर बाईनं जवळ जाऊन जिभेवर नख मारून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. तिच्या दृष्टीनं ती उत्तम बातमी होती, फट तोंडापर्यंत भरल्याची.

जाऊ बोलली ती हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकी. "रांडव बाईच्या हातचं तीर्थ. टिकल किती दिस?"

काल पाया पडलेल्या बायकांपैकीही कुणी जावेला अडवलं नाही.

त्या वर्षी पाऊस फार झाला. घाटात दरड पडली, रस्ता बंद राहिला. तळं सांडव्यावरून वाहत होतं आणि भिंत खालून कोरडी होती. पोरं भिंतीखाली झोपली आणि सकाळी उठली. न फुटलेल्या धरणाचा सत्कार करायची पद्धत आपल्याकडे नाही. वाडीत चर्चा होती ती एवढीच, की तीर्थ बंद झालं आणि ते कुणामुळे. आक्काच्या ओट्यावर कुणी टेकेना. जावेकडे बारसं झालं. पाळण्याच्या खोलीत तिला बोलावलं नाही, ताट मात्र मधल्या दारातून पोचवलं. ताट देणाऱ्या पोरीला तिनं विचारलं, नाव काय ठेवलं गं? पोरगी म्हणाली, आजीनं सांगू नगं म्हणलंय.

मी तिला भोरला चल म्हणालो. "अन् तिथं काय करू? तुझी पुस्तकं झाडू?" म्हणाली. मग म्हणाली, "हितं निदान समद्यास्नी ठावं हाय म्या कोण ते."

अध्यक्ष मात्र हिंमत हरणारे नव्हते. दिवाळीनंतर त्यांनी नवीन गोमुख आणलं, याला सोनेरी शिंगं होती, आणि भिंतीला धक्का न लावता, म्हणजे या वेळी खरोखरच न लावता, भिंतीवरून पाइप टाकून तळ्यातल्या मोटरला जोडलं. बटण रिसॉर्टच्या ऑफिसात. तीर्थ सकाळी ठरावीक वेळी सुरू व्हायचं आणि संध्याकाळी बंद. पळी आता जावेच्या हातात. आक्काच्या परसात हे सगळं होतं म्हणून मध्ये पत्र्याचं कुंपण घातलं. आक्का कुंपणाच्या आत, देव बाहेर.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. मांडव, ढोल, भगवे फेटे. ज्यांना फेटा बांधता येत नाही त्यांच्यासाठी तयार शिवलेले फेटे. पाहुण्यांनी सांगितलं की या तीर्थाला हजारो वर्षांची परंपरा आहे. भिंतीला दीडशे आणि मोटरला आठवडा झाला होता, पण टाळ्या परंपरेला पडल्या. आक्का कुंपणाच्या फटीपाशी उभी होती, मी तिच्या शेजारी. तिनं नवीन लुगडं नेसलं होतं. कशासाठी ते मी विचारलं नाही.

पाहुण्यांनी ओंजळ धरली. जावेनं पळी उचलली. गोमुखातून धार सुटली, फोटोवाले पुढे सरसावले, आणि धार थांबली.

लाइट गेली होती. आमच्याकडे ती रोज जाते. रोज, त्याच सुमारास. मांडवातल्या प्रत्येक माणसाच्या घरात जाते. ध्वनिक्षेपक बंद पडला, मांडवातले पंखे फिरत फिरत थांबले. तरी एकानंही वायरकडे बघितलं नाही. आधी एक मान वळली, मग दुसरी, मग सगळी पहिली रांग वळून पत्र्याच्या फटीकडे बघू लागली.

अध्यक्ष चपळाईनं आले. आवाज गोड. "आक्का, जरा आत बसता का. उगं पाव्हन्यांफुडं नगं. दार तेवडं लोटून घ्या."

मी तोंड उघडलं. आक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला, आत गेली आणि दार लोटून घेतलं. कुणीतरी मागे जाऊन जनरेटर चालू केला. घरघर झाली, पंखे फिरले, गोमुखातून धार आली. मांडवात एक सुस्कारा उमटला. आता सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. याहून मोठा पुरावा कुठला. पाहुण्यांनी ते तीर्थ डोळे मिटून प्राशन केलं.

मी ते दार ढकलून आत गेलो. ती अंधारात पाटावर बसली होती.

"आलं का पानी?"

"आलं."

"अन् भित?"

"कोरडी आहे. आत्ताच हात लावून पाहिला."

तिनं मान हलवली. बाहेर टाळ्या चालू होत्या. थोड्या वेळानं मागच्या दारात जाऊ आली. मांडवातल्या पाहुण्या बायकांनी हिनं थोरलीला तीर्थ दिलं नाही असं म्हणू नये, म्हणून आली असावी. उंबऱ्याबाहेरच थांबली. आक्कानं ओंजळ पुढे केली; जावेनं हाताला हात लागू नये म्हणून पळी उंच धरली आणि वरून सोडली. अर्धं पाणी उंबऱ्यावर सांडलं.

आक्कानं उरलेलं नाकाशी नेलं. "डिझेलचा वास येतूया गं," म्हणाली.

जाऊ वळली. आक्का ते प्यायली, आणि रीत म्हणून ओला हात डोळ्यांना लावला.